संभाषण-कौशल्य आणि विद्यापीठीय इंग्रजी लेखन : सुरतेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

इंग्रजीच्या अध्यापनाची चर्चा करताना दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. इंग्रजीत बोलता-चालता येणे ही एक गोष्ट. इंग्रजीत एखादा मुद्दा मांडून तो पुराव्यानिशी पटवून देता येणे ही दुसरी. पहिलीला संभाषण-कौशल्य म्हणतात. दुसरीला विद्यापीठीय लेखन म्हणता येईल. अभ्यासक्रमात बहुधा या दोन्ही एकाच विषयपत्रिकेत बसवल्या जातात आणि पहिली साधली की दुसरी आपोआप साधेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत खरे आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या तपासणीसाठी सुरत शहर विशेष उपयुक्त ठरते. सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांतही चालतात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून यंत्रमागाच्या व इतर कामांसाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. या वस्तीतला विद्यार्थी घरी अहिराणी किंवा मराठी बोलतो, रस्त्यावर गुजराती व हिंदी बोलतो आणि शाळेत इंग्रजी हा विषय शिकतो. महाविद्यालयात पोहोचल्यावर त्याच्यासमोर सामान्यतः गुजराती किंवा इंग्रजी माध्यम उरते. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची स्थितीही याहून वेगळी नसते. ज्या भाषेत त्याने विचार मांडायला सुरुवात केली, ती शिडी दहावी-बारावीच्या आसपास संपते. पुढची शिडी इंग्रजीची असते आणि तिच्या पहिल्या पायरीवर त्याला अर्ज, तक्रारपत्र व बायोडाटा यांचे नमुने दिले जातात.

माध्यमाचा प्रश्न आणि एक निवाडा

गुजरातेत विद्यापीठीय इंग्रजीचा प्रश्न दीर्घकाळ माध्यमाच्या वादात अडकून राहिला. या वादातील सर्वांत महत्त्वाचा खटला एका मराठी भाषिक विद्यार्थ्याचा होता, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. श्रीकांत मुधोळकर हा विद्यार्थी १९६० साली मराठी माध्यमातून शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला आणि अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इंग्रजी माध्यमाच्या वर्गात दाखल झाला. प्रथम वर्षानंतर मात्र गुजरात विद्यापीठाच्या नियमांमुळे त्याला पुढील इंग्रजी वर्गात प्रवेश नाकारण्यात आला. त्याचे वडील श्रीकृष्ण रंगनाथ मुधोळकर न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने १९६२ च्या जानेवारीत त्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले की, गुजराती किंवा हिंदी हेच एकमेव माध्यम म्हणून लादण्याचा अधिकार तेव्हाच्या विद्यापीठ-कायद्याने विद्यापीठाला दिलेला नाही. न्या. जे. सी. शहा यांनी बहुमताचा निर्णय लिहिला, तर न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले. त्या काळी सुरतेची महाविद्यालयेही गुजरात विद्यापीठाशीच संलग्न होती. सुरतेचे स्वतंत्र विद्यापीठ १९६५ च्या कायद्याने अस्तित्वात आले आणि २००४ साली त्याला कवी नर्मद यांचे नाव मिळाले.

हा निवाडा महत्त्वाचा असला तरी त्याची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. विद्यार्थ्याला कोणत्या वर्गात बसता येईल, एवढेच न्यायालय ठरवू शकत होते. मराठीतून शालान्त परीक्षा दिलेल्या मुलाने इंग्रजीतून इतिहासाचे किंवा तर्कशास्त्राचे उत्तर कसे लिहावे, हे शिकवण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तो विद्यापीठापुढे असायला हवा होता. परंतु माध्यमाचा वाद इतका तापलेला होता की लेखन शिकवण्याचा प्रश्न दोन्ही पक्षांच्या हातून निसटला. गुजराती माध्यमाच्या पुरस्कर्त्यांना त्याची गरज वाटली नाही. इंग्रजीच्या पुरस्कर्त्यांनी, इंग्रजी वर्गात बसले की इंग्रजी लेखन येतेच, असे मानले. आजच्या अभ्यासक्रमांचे गृहीतक याच दुसऱ्या समजुतीचे नवे रूप आहे.

भाषांतर पद्धतीचे मूल्यमापन

मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवण्याची जुनी, देशी पद्धत म्हणजे भाषांतर. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची तीन भागांतील ‘भाषांतर पाठमाला’ मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या नावावर ती चुकून खपवली जाते, इतके हे आडनाव भाषेच्या शिक्षणाशी जोडले गेले आहे. पाठाची रचना सरळ होती : आधी नियम, मग शब्द, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी.

संभाषणवादी पद्धतीच्या काळात या पाठमालेवर बरीच टीका झाली. तीत तथ्य आहे. सुटी वाक्ये शिकून उच्चार सुधारत नाहीत, समोरच्याशी बोलण्याचे धैर्य येत नाही आणि प्रत्येक इंग्रजी वाक्य आधी मनातल्या मनात मराठीत जुळवण्याची सवय लागते. मात्र या पद्धतीत एक गुण होता, तो नंतरच्या पद्धतींनी गमावला. दोन भाषांत एकच अर्थ वेगळ्या रचनेने मांडला जातो, याची जाणीव ती पदोपदी करून देत असे. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि इंग्रजीत कर्त्यापाठोपाठ. मराठीत ‘मला भीती वाटते’ म्हणतात, इंग्रजीत भिणाराच कर्ता होतो. अशा तुलनेतून विद्यार्थी वाक्याकडे बाहेरून पाहायला शिकत असे.

पाठमालेची खरी मर्यादा वेगळीच आहे. ती वाक्यापाशी थांबते. दहा निर्दोष वाक्ये एकाखाली एक लिहिली म्हणून परिच्छेद होत नाही. कोणते वाक्य दावा आहे, कोणते पुरावा आणि कोणते स्पष्टीकरण, याविषयी पाठमाला काही सांगत नाही. तिचा तो हेतूही नव्हता. विद्यापीठीय लेखनाला मात्र इथूनच प्रारंभ होतो.

संभाषण-कौशल्याची लाट

बंगळूर परिसरात १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी केलेल्या प्रयोगानंतर भारतात अध्यापनाची दिशा बदलू लागली. विद्यार्थ्याचे लक्ष नियमापेक्षा अर्थावर असेल तेव्हा भाषा अधिक चांगली आत्मसात होते, हे या प्रयोगाचे मध्यवर्ती सूत्र होते. त्यासाठी वर्गात नकाशा वाचणे, वेळापत्रकावरून प्रवास ठरवणे अशी विचाराला चालना देणारी कामे दिली जात. पुढे महाविद्यालयांत ‘संभाषण-कौशल्य’ या नावाखाली जे आले, त्यात हा विचाराचा भाग बराच क्षीण झाला आणि व्यवहाराचे साचे शिल्लक राहिले.

गुजरात शासनाने २००७ साली ‘स्कोप’ ही योजना सुरू केली. केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा-विभागाच्या सहकार्याने तरुणांच्या इंग्रजीची पातळी तपासणे व त्यांची रोजगारक्षमता वाढवणे हा तिचा उद्देश होता. पुढे महाविद्यालयांत संगणकीय भाषा-प्रयोगशाळाही आल्या. इंग्रजीला बिचकणाऱ्या, गुजराती, मराठी वा उर्दू शाळेतून आलेल्या मुलीला कानाला हेडफोन लावून, कोणी हसेल या भीतीशिवाय बोलून पाहता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. या उपक्रमांचे हे श्रेय मान्य करायलाच हवे.

आक्षेप आहे तो त्यांच्याकडून ठेवल्या जाणाऱ्या अपेक्षेविषयी. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली दैनंदिन संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत भेद केला. स्थलांतरित मुले साधारण दोन वर्षांत अस्खलित बोलू लागतात. अभ्यासाच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीला यायला त्यांना पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले. या भेदावर पुढे टीका झाली. तो फार ढोबळ आहे, अभ्यासाच्या भाषेला तो उगाच उच्च स्थान देतो, असे आक्षेप घेतले गेले. ते लक्षात घेऊनही कमिन्स यांचे एक निरीक्षण सुरतेच्या शिक्षकाला उपयोगी पडते : अभ्यासाची क्षमता एका भाषेत रुजली तर ती दुसऱ्या भाषेत नेता येते. विद्यार्थ्याला मराठीत किंवा उर्दूत युक्तिवाद करता येत असेल, तर तो इंग्रजीत रिकाम्या हाताने येत नाही.

परीक्षेचे स्वरूप मात्र या क्षमतेला विचारतच नाही. नोकरीचा अर्ज, तक्रारपत्र, सूचना, सभेचे इतिवृत्त असे प्रश्न ठरलेले असतात. बाजारातली गाइडे आणि ‘आयएमपी’ प्रश्नांची यादी यांच्या बळावर विद्यार्थी नमुना पाठ करतो, नाव-गाव बदलतो आणि गुण मिळवतो. तीन वर्षांत त्याने स्वतःचे म्हणणे मांडणारा एकही परिच्छेद लिहिलेला नसतो. तोच विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात गेला की त्याच्याकडे प्रबंधिका मागितली जाते.

सुरतेचा जुना धडा

युक्तिवाद आधी स्वभाषेत रुजतो, या म्हणण्याला सुरतेच्या इतिहासातच आधार सापडतो. दादोबा पांडुरंग यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. तेथील गुजराती शाळेचे दुर्गाराम मेहताजी, स्वतः दादोबा आणि त्यांचे सहकारी यांनी १८४४ साली मानवधर्म सभा स्थापन केली. या सभेत रूढींवर, जातिभेदावर आणि मंत्रतंत्रावर जाहीर चर्चा होत. मंत्राचे सामर्थ्य असेल तर ते सर्वांसमक्ष सिद्ध करून दाखवा, असे आव्हान दुर्गाराम मेहताजींनी मांत्रिकांना दिले होते.

अध्यापनाच्या दृष्टीने या आव्हानाकडे पाहिले तर त्यात विद्यापीठीय लेखनाचा गाभा दिसतो : दावा कोणता, तो कोण करतो आणि त्याला पुरावा काय. ही शिस्त सुरतेत गुजरातीतून घडत होती. दादोबांनी स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांवरील आपले चिंतन पुढे १८७८ साली इंग्रजीत प्रसिद्ध केले. मराठी व्याकरणानंतर चार दशकांहून अधिक काळाने आलेल्या या इंग्रजी पुस्तकामागे मराठीतील विवेचनाची आणि सभेतील वादविवादाची दीर्घ तयारी होती.

सुरतेचाच नर्मद मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात इंग्रजी शिकला, परंतु निबंधकार म्हणून तो गुजरातीत घडला. मंडळी स्थापन करण्याचे फायदे सांगणारा त्याचा निबंध आधुनिक गुजराती गद्याच्या आरंभीच्या निबंधांत गणला जातो. इंग्रजी वाचनातून आलेली निबंधाची घडण त्याने स्वभाषेत आणून वापरली. दोन्ही उदाहरणांत भाषांची ये-जा दुतर्फा आहे. आजच्या अभ्यासक्रमात ही ये-जा बंद आहे. मराठीच्या तासाला निबंध, इंग्रजीच्या तासाला अर्ज, आणि दोन शिक्षकांत बोलणे नाही, असे चित्र दिसते. अर्थात दादोबा व नर्मद हे असामान्य बुद्धीचे पुरुष होते. त्यांच्यावरून सामान्य विद्यार्थ्यासाठी नियम काढता येणार नाही. दिशा मात्र घेता येते.

एका परिच्छेदाची घडण

ही दिशा वर्गात कशी उतरेल, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा फार मोठा भाग बुडाला. या विषयावर परिच्छेद लिहायला सांगितला, तर संभाषण-कौशल्याच्या वर्गातला विद्यार्थी बहुधा असा प्रारंभ करील : ‘पाणी हे जीवन आहे. निसर्गापुढे मानव दुबळा आहे. सुरत हे सुंदर शहर आहे.’ ही शाळेतल्या निबंधाची सवय आहे. मराठीत तिला प्रस्तावना म्हणतात, उर्दूत तमहीद. वाक्ये इंग्रजीत निर्दोष असली तरी परिच्छेद पुढे सरकत नाही.

शिक्षकाने व्याकरणाला हात न लावता एकच प्रश्न विचारावा : ‘तुला नेमके काय म्हणायचे आहे?’ विद्यार्थी म्हणेल, ‘पूर धरणामुळे आला.’ हा दावा झाला. पुढचा प्रश्न, ‘कशावरून?’ मग विसर्गाची वेळ, पावसाचे प्रमाण, नदीपात्रालगतची बांधकामे, भरतीची वेळ यांची माहिती गोळा करावी लागते. ती हाती आल्यावर मूळ वाक्य आपोआप बदलते : ‘धरणातून पाणी केव्हा व किती सोडले गेले, हे पुराच्या तीव्रतेचे एक प्रमुख कारण दिसते, मात्र पात्रालगतच्या बांधकामांचा विचार केल्याशिवाय हे कारण पुरेसे ठरत नाही.’ ‘एक प्रमुख कारण’, ‘दिसते’, ‘पुरेसे ठरत नाही’ हे शब्द दाव्याला पुराव्याच्या मापाचे करतात. असे माप राखणे हे विद्यापीठीय लेखनाचे मुख्य कौशल्य होय.

इतके काम मराठीत, गुजरातीत किंवा उर्दूत, वर्गातल्या मिश्र बोलीत झाले तरी बिघडत नाही. त्यानंतर हेच वाक्य इंग्रजीत नेताना तर्खडकरी तुलना कामी येते. मराठीतील ‘दिसते’, ‘असावे’, ‘म्हणता येईल’ यांना इंग्रजीत कोणते पर्याय आहेत, हा प्रश्न आता विद्यार्थ्याला स्वतःच्या गरजेतून पडतो. नियम त्याच्या कामाचा होतो.

इंग्रजी निबंध सरळ रेषेत जातो आणि पौर्वात्य निबंध वळसे घेतो, असे रॉबर्ट कॅप्लन यांनी १९६६ साली मांडले होते. या मांडणीचा आधार घेऊन विद्यार्थ्याच्या वळणांना त्याच्या संस्कृतीचा दोष मानणे योग्य ठरणार नाही. तमहीद व प्रस्तावना या शाळेने लावलेल्या सवयी आहेत आणि त्या शिकवूनच बदलता येतात. जॉन स्वेल्स यांनी १९९० साली संशोधन-निबंधाच्या प्रास्ताविकाची तीन टप्प्यांची रचना दाखवली : विषयाचे महत्त्व, त्यातील रिकामी जागा आणि ती भरण्याचा प्रयत्न. ही रचना फळ्यावर दहा मिनिटांत समजावता येते. पाठ करायला दिली तर मात्र तिचाही एक अर्जाचा नमुना होईल.

उसनवारीचा प्रश्न

लेखन न शिकवण्याची किंमत शेवटी विद्यार्थी मोजतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्यासंबंधी नियम केले. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही आणि त्यापुढे टप्प्याटप्प्याने कारवाई आहे. २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच. डी. पूर्व टप्प्यावर अनिवार्य झाला. दोन्ही पावले योग्य आहेत, परंतु उशिरा पडणारी आहेत. ज्याला दहा वर्षे नमुने उतरवण्याबद्दल गुण मिळाले, त्याला अचानक उतरवणे हा अपराध असल्याचे सांगितले जाते. मग तो शब्द बदलून साधर्म्याची टक्केवारी खाली आणायला शिकतो. दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगणे आणि त्यावर आपले मत देणे, हे त्याला कोणी करून दाखवलेले नसते. यात नीतीइतकाच प्रश्न अध्यापनाचा आहे.

२०२२ नंतर संगणकावर निर्दोष इंग्रजी क्षणात तयार करून देणारी साधने सर्वांच्या हाती आली. त्यामुळे अर्जाचा नमुना पाठ करण्याला अर्थ उरलेला नाही. विद्यार्थ्याने काय म्हटले आणि कशाच्या आधारे म्हटले, हे तपासण्याची गरज मात्र वाढली आहे.

शिक्षकांसाठी काही सूचना

सामुदायिक महाविद्यालयांतील शिक्षकांपुढच्या अडचणी उघड आहेत. वर्ग मोठे असतात, तास थोडे असतात आणि विद्यार्थी कामावरून थकून येतो. नोकरीसाठी बोलता येणे ही त्याची तातडीची गरज आहे. तिची उपेक्षा करून चालणार नाही. या मर्यादांत पुढील गोष्टी शक्य वाटतात.

पहिली, दर आठवड्याला सुमारे दीडशे शब्दांचा एकच परिच्छेद, विषय शहरातला आणि वादाला जागा असलेला. दुसरी, तपासताना एका वेळी एकच गोष्ट पाहावी : या आठवड्यात दावा, पुढच्या आठवड्यात पुरावा, त्यानंतर क्रियापदे. लाल शाईने भरलेल्या वहीतून विद्यार्थी काहीच शिकत नाही. तिसरी, विद्यार्थ्यांनी जोडीने एकमेकांचे लेखन वाचून ‘कशावरून?’ एवढाच प्रश्न विचारावा. त्यासाठी उत्तम इंग्रजीची गरज नसते आणि संभाषणाचाही सराव होतो. चौथी, मराठी, उर्दू वा गुजरातीच्या शिक्षकाशी ठरवून एकच विषय दोन्ही तासांना द्यावा. पाचवी, अंतर्गत गुणांपैकी काही भाग पहिल्या मसुद्यापासून दुसऱ्या मसुद्यापर्यंत झालेल्या सुधारणेला द्यावा.

निष्कर्ष

भाषांतर पद्धतीने वाक्य दिले, संभाषण पद्धतीने धीटपणा दिला. दोहोंचीही गरज आहे. परंतु दोहोंपैकी कोणतीही विद्यार्थ्याला युक्तिवाद देत नाही. तो वेगळा शिकवावा लागतो, आणि विद्यार्थ्याच्या स्वभाषेतून तो शिकवायला लागल्यास वेळ वाया जात नाही. मुधोळकर खटल्याने इंग्रजी वर्गात बसण्याचा हक्क मान्य केला, त्याला सहा दशके उलटली. त्या वर्गात बसलेल्या लिंबायतच्या मुलीला ‘तुझे म्हणणे काय?’ असे कोणी विचारले नाही, तर तो हक्क हजेरीपटापुरता राहतो. हा प्रश्न विचारण्यासाठी नवा अभ्यासक्रम मंजूर होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.